पट्टीवरचा फरकाचा रकाना कोरा का आला?

सावद्याजवळच्या एका गावातल्या ताईंचं पत्र आहे. नाव छापू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून फक्त मजकूर देतो, थोडा कमी करून:

"मी जळगावात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. केळी व्यापाऱ्यांसाठी शेतकऱ्यांची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, बनवायचा आमचा प्रोग्राम आहे, पायथन भाषेत आणि तिच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला. तो ज्यांनी लिहिला ते दादा आता पुण्याला गेले. कोड चालतो, पण वाचवत नाही. एकेक फंक्शन 300 ओळींचं, आणि 'फरक' हे एकच नाव ठिकठिकाणी वेगवेगळ्या अर्थानं. मी एडिटरमध्ये रिफॅक्टरिंगचं, म्हणजे कोडची रचना सुधारायचं, प्लगइन टाकलं आणि हिशेबाच्या क्लासमधल्या 'फरक'चं नाव 'भावफरक' केलं, म्हणजे जाहीर भावाच्या वर शेतकऱ्याला जो फरक मिळतो तो. वीसेक फाइली एका झटक्यात बदलल्या. प्रोग्राम सुरू झाला, एकही एरर नाही. दुसऱ्या दिवशी रावेरहून एका व्यापाऱ्याचा फोन आला: पट्टीवर फरकाचा रकाना कोरा येतोय. एकूण रक्कम मात्र बरोबर होती. सरांनी सगळं जुनं परत टाकायला लावलं आणि बजावलं की चालू गाडीला हात लावायचा नाही. प्लगइन बेभरवशाचं असतं का? हातानंच करू, की नादच सोडू? आणि अजून एक विचारायचंय, दादांनी ठेवलेली मराठी नावं सगळी इंग्रजीत करून टाकावीत का?"

ताई, नाद सोडू नका. प्लगइनही काढू नका. पण त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे एकदा नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं प्रकरण तिथेच घडलंय.

एकूण बरोबर, रकाना कोरा आणि एरर काहीच नाही, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आधी टेम्प्लेट, म्हणजे छापील नमुन्याची फाइल, उघडून बघायचं. प्लगइननं तुमच्या पायथनच्या फाइली वाचल्या, त्या क्लासमधला 'फरक' जिथे जिथे वापरला होता तिथे नवं नाव घातलं. बेरीज करणारी ओळही त्यातच आली, म्हणून रक्कम चुकली नाही. पट्टीचा छापील नमुना मात्र एचटीएमएल फाइलीत असतो, आणि तिथे दुहेरी महिरपी कंसांत जुनंच नाव राहिलं. आता जँगोचं वागणं बघा. टेम्प्लेटमध्ये लिहिलेलं नाव सापडलं नाही तर जँगो थांबत नाही, ओरडत नाही. त्या जागी रिकामा मजकूर छापतो आणि पुढे जातो. हा बिघाड नाही, जँगोत ते तसंच ठरवलेलं आहे. तुमची पट्टी म्हणूनच अगदी शांतपणे चुकली.

म्हणजे प्लगइननं स्वतःच्या हद्दीत काम चोख केलं होतं. हद्द कुठे संपते ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

थोडं मागं जाऊ. रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रामचं वागणं तसंच ठेवून त्याची आतली रचना बदलणं. यावरच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रबंधांपैकी एक विल्यम ऑप्डाइक यांनी 1992 साली इलिनॉय विद्यापीठात लिहिला. त्यातली कामाची गोष्ट ही की प्रत्येक बदलाआधी काही अटी तपासायच्या. नाव बदलायचं तर नवं नाव त्या जागी आधीच कुणी वापरत नाही ना, हे आधी बघायचं. अटी पुऱ्या झाल्या तरच वागणं बदलणार नाही असं म्हणता येतं. त्याच विद्यापीठात जॉन ब्रँट आणि डॉन रॉबर्ट्स यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी रिफॅक्टरिंग ब्राउझर बनवला, आणि आज आपल्या एडिटरमध्ये उजव्या क्लिकवर जो मेन्यू उघडतो त्याची सुरुवात तिथून झाली. पायथनसाठी रोप नावाची लायब्ररी आहे. व्हिम आणि ईमॅक्स या एडिटरांची कित्येक प्लगइनं आतून तीच वापरतात. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केल्यापासून तर एडिटर कुठला हा प्रश्न फारसा उरलाच नाही. कोड समजून घेणारा सर्व्हर वेगळा चालतो, एडिटर त्याला फक्त विचारतो. तेव्हा 'एडिटर बदलला तर सुटेल का' असा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका.

पायथनची एक अडचण मात्र खरी आहे. फंक्शनला दिलेली वस्तू कुठल्या क्लासची आहे हे जावा किंवा सी शार्पमध्ये लिहावंच लागतं. पायथनमध्ये ते लिहिणं सक्तीचं नाही. मग प्लगइनला अंदाज बांधावा लागतो. रोपमध्ये तर 'खात्री नाही' अशा जागांचं काय करायचं हे ठरवण्याची वेगळी सोयच आहे. यावर उपाय तुमच्या हातात आहे. ज्या भागाला हात लावणार आहात तिथल्या फंक्शनांना आधी टाइप हिंट लिहा. पायथन 3.5 पासून, म्हणजे 2015 पासून, ती सोय आहे. 'ही वस्तू पट्टीची, ही वजनपावतीची' एवढं लिहिलंत तरी प्लगइनचा अंदाज पुष्कळ सुधारतो, आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही वाचायला सोपं जातं.

मग हातानंच 'शोधा आणि बदला' केलं असतं तर? टेम्प्लेट बचावलं असतं, कारण तिथलंही नाव बदललं गेलं असतं. पण वजनकाट्याच्या फंक्शनमध्ये भरलेल्या गाडीच्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनातला जो 'फरक' आहे, त्याचंही नाव 'भावफरक' झालं असतं. क्विंटलचा आकडा रुपयांच्या नावानं फिरला असता. कोड तेव्हाही चाललाच असता, कारण सगळीकडे सारखाच बदल झाला असता. पण पुढच्या वर्षी कुणीतरी ते नाव वाचून त्याचा गुणाकार भलत्याच ठिकाणी केला असता. दोन वेगळ्या गोष्टींची सारखी नावं वेगळी ओळखणं, हेच प्लगइनचं खरं काम आहे, आणि शोधा-बदला ते कधीच करू शकत नाही. म्हणून माझा कौल प्लगइनच्या बाजूनं आहे. शोध घ्यायचा, पण बदलण्यासाठी नाही, तपासण्यासाठी.

तो असा. प्लगइननं नाव बदललं की लगेच गिट ग्रेप (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटची शोधायची आज्ञा) चालवून जुनं नाव पूर्ण प्रकल्पात शोधा. गिट ग्रेपला फाइल पायथनची आहे की एचटीएमएलची याच्याशी देणंघेणं नसतं. जे सापडेल ते एकेक करून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही जागा खरोखर वेगळ्या 'फरक'च्या असतील, त्या सोडा. ज्या राहून गेल्या त्यांची ठिकाणं बहुतेक ठरलेली असतात. टेम्प्लेट तर आहेच. जँगोत क्रम लावताना किंवा ठरावीक रकाने मागताना नाव अवतरणचिन्हांत लिहितो, तिथलं नाव प्लगइनच्या दृष्टीनं नुसता मजकूर असतो. गेटअॅटरनं, म्हणजे मजकुरातल्या नावावरून मूल्य काढणाऱ्या पायथनच्या फंक्शननं, वापरायचं नाव जोडून बनवलेलं असेल तर तेही सुटतं. सर्व्हरहून मोबाइल अॅपला किंवा जावास्क्रिप्टला जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांतला डेटा) जात असेल तर त्यातल्या नावांना मुळीच हात लावू नका, कारण पलीकडचा कोड तुमच्या एडिटरमध्ये उघडलेला नाही. एक्सेलचे मथळे, हातानं लिहिलेल्या एसक्यूएल ओळी, रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, हेही बघा.

अॅडमिनच्या पानावरच्या यादीत चुकीचं नाव राहिलं तर जँगोची चेक आज्ञा ते पकडते, म्हणून तीही चालवत जा. टेम्प्लेटसाठी सेटिंगमध्ये स्ट्रिंग-इफ-इन्व्हॅलिड नावाचा पर्याय आहे. त्यात एखादा ठळक शब्द लिहिला की न सापडलेल्या नावाच्या जागी कोऱ्या जागेऐवजी तो शब्द छापून येतो. हे फक्त स्वतःच्या मशिनवर, तपासणीपुरतं करा. व्यापाऱ्यांच्या चालू सर्व्हरवर अजिबात नको, कारण जँगोची स्वतःची काही टेम्प्लेटंही या गप्प राहण्यावर विसंबून आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पत्रात तुम्ही टेस्टचा, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या कोडचा, उल्लेखच केलेला नाही, त्यावरून त्या नसाव्यात असं धरतो. रिफॅक्टरिंगवर लिहिणारे सगळे सांगतात की आधी टेस्ट लिहा. 300 ओळींच्या फंक्शनसमोर बसलेल्या माणसाला हा सल्ला ऐकून हातपाय गळाल्यासारखं होतं, हे मला कळतं. पण तुमच्याकडे एक फार मोठी गोष्ट आहे, ती बहुतेक सॉफ्टवेअरवाल्यांकडे नसते: छापून दिलेल्या, शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आकडा न् आकडा ताडून मान्य केलेल्या जुन्या पट्ट्या. शेतकरी पट्टी कशी वाचतो ते तुम्ही घरी पाहिलंच असेल. यापेक्षा कडक तपासणी कुठल्या टेस्टर मंडळींनी केली असती?

तर त्या पट्ट्याच टेस्ट म्हणून वापरा. गेल्या हंगामातल्या काही निवडा, पण नुसत्या साध्या नकोत. केळीच्या प्रत्येक प्रकाराची हवी: नवतीची एक, पिलबागेची एक, कांदेबागेची एक. भाव मधेच बदलला त्या दिवसाची एक. फरक शून्य होता ती एक. एका गाडीत दोन शेतकऱ्यांचा माल गेला असेल ती, उचल कापून घेतलेली, आणि ज्या पट्टीवरून भांडण झालं होतं ती तर नक्कीच. त्यांचा कच्चा डेटा एका वेगळ्या डेटाबेसमध्ये घ्या. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती पुसून तिथे खोटी भरा. तपासणीला त्यांची गरज नाही. मग आजच्या, न बदललेल्या कोडवर या सगळ्या पट्ट्या एचटीएमएलमध्ये काढून एका फोल्डरात ठेवा. पीडीएफ नको, त्यात फाइल बनल्याची वेळ वगैरे शिरते आणि दोन सारख्या पट्ट्याही वेगळ्या दिसतात. पट्टीवर आजची तारीख छापत असाल तर तीही तपासणीपुरती ठरावीक करून टाका. यानंतर कोडमध्ये कुठलाही बदल केला की तीच स्क्रिप्ट परत चालवायची आणि दोन फोल्डर डिफनं, म्हणजे फाइलींतला फरक दाखवणाऱ्या आज्ञेनं, ताडायचे. एका अक्षराचाही बदल दिसला नाही तर पुढे जायचं. तुमचा कोरा रकाना या तपासणीत पहिल्या मिनिटाला सापडला असता, आणि तुम्हाला एकही टेस्ट विचार करून लिहावी लागली नसती.

ही स्क्रिप्ट बनवायला एखादा दिवस जाईल. तो दिवस द्याच. बाकीचं सगळं यावर उभं आहे.

यानंतर काम कसं करायचं ते थोडक्यात. आधी गिटमध्ये सगळं कमिट करून, म्हणजे आत्ताची स्थिती नोंदवून, कामाची जागा स्वच्छ करा, म्हणजे प्लगइननं काय बदललं ते डिफमध्ये निव्वळ दिसेल. एक नाव बदला, पट्ट्या ताडा, कमिट करा. मग दुसरं. नाव बदलताना बरेच एडिटर प्रीव्ह्यू, म्हणजे बदलणाऱ्या जागांची यादी, आधी दाखवू शकतात. यादी वाचल्याशिवाय एंटर मारू नका. एडिटरमध्ये प्रकल्पाचा मूळ फोल्डर उघडलेला हवा, नुसता एखादा उपफोल्डर उघडलात तर बाहेरच्या फाइली प्लगइनला दिसणारच नाहीत. आणि पायथनचं योग्य व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रकल्पाच्या लायब्ररी ठेवलेली वेगळी जागा) निवडलेलं हवं, नाहीतर त्याला जँगोच सापडत नाही आणि अंदाज आणखी कच्चे होतात.

300 ओळींच्या फंक्शनसाठी 'एक्सट्रॅक्ट मेथड' वापरा. वजनातली घट काढणाऱ्या ओळी निवडा, त्यांचं वेगळं फंक्शन करायला सांगा. कुठली मूल्यं आत द्यायची आणि कुठली बाहेर काढायची हे प्लगइन स्वतः शोधतं, आणि हेच काम माणूस हातानं करताना जास्त चुकतो. कधीकधी प्लगइन नकार देतं, उदाहरणार्थ निवडलेल्या तुकड्याच्या मधूनच रिटर्न होत असेल तर. नकार आला की रागावू नका, त्या ओळी पुन्हा वाचा. तिथे बहुतेक वेळा खरंच काहीतरी गुंतलेलं असतं.

हे करताना एक मोह होईल, तो टाळा. पट्टीच्या कोडमध्ये कुठेतरी पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे साठवल्या जाणाऱ्या दशांश आकड्यांत, धरलेले असतील, राउंड वापरलेलं असेल. पायथन 3 मधलं राउंड बरोब्बर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं: 2.5 चे 2 होतात, 3.5 चे 4. आपला मुनीम 2.5 चे 3 धरतो. हे दिसलं की तुमचा हात शिवशिवेल, लगे हात डेसिमल (दशांश आकडे अचूक धरणारा प्रकार) करून टाकू असं वाटेल. करा, पण त्या दिवशी नाही आणि त्या कमिटमध्ये नाही. तो पट्टीच्या आकड्यातला बदल आहे; तो सरांना आणि व्यापाऱ्याला सांगून, कुठल्या तारखेपासून ते ठरवून करायचा. रचना बदलणारी कमिट आणि आकडे बदलणारी कमिट एकत्र झाल्या की पट्ट्या ताडण्याला अर्थच उरत नाही, कारण डिफमध्ये आलेला बदल तुम्ही मुद्दाम केलेला की चुकून झालेला, हे सांगता येत नाही.

तुम्ही बदललेलं नाव हिशेबाच्या क्लासमधलं होतं, हे फार बरं झालं. जँगोच्या मॉडेलमधल्या फील्डचं, म्हणजे डेटाबेसच्या टेबलातल्या रकान्याचं, असतं तर गोष्ट कोऱ्या रकान्यावर थांबली नसती. मॉडेलमधलं नाव बदलून मेकमायग्रेशन्स (टेबल बदलायची फाइल, म्हणजे मायग्रेशन, बनवणारी आज्ञा) चालवलं की जँगो विचारतो, अमुक फील्डचं नाव तमुक केलं का? तिथे न वाचता एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' असं धरलं जातं. मग तो जुना रकाना काढून टाकायचा आणि नवा रिकामा रकाना घालायचा असं मायग्रेशन लिहितो. ते चालू सर्व्हरवर चाललं की जुन्या सगळ्या पट्ट्यांमधला फरक गेला, बॅकअप नसेल तर कायमचा. मायग्रेशनची फाइल नेहमी उघडून वाचा. तिच्यात रिनेमफील्ड दिसलं पाहिजे, रिमूव्हफील्ड नाही. त्याहून सोपं म्हणजे सध्या टेबलाला हातच लावू नका. फील्डला डीबी-कॉलम हा पर्याय देऊन जुनं रकान्याचं नाव तसंच ठेवता येतं, आणि कोडमध्ये नवं नाव वापरता येतं. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

सरांबद्दल. त्यांच्या जागेवरून बघा: व्यापाऱ्याचा फोन त्यांना आला, पैसे त्यांना मिळतात, आणि त्यांना दिसलं एवढंच की काहीही नवीन सुविधा न देता चालणारी गोष्ट बिघडली. 'कोड स्वच्छ करायचा आहे' असं म्हणून परवानगी मागाल तर ती मिळणार नाही, आणि मला त्यात त्यांचं चुकतंय असं वाटत नाही. जुन्या पट्ट्या ताडणारी स्क्रिप्ट आधी बनवा आणि त्यांना ती चालवून दाखवा. मुद्दाम टेम्प्लेटमधलं एक नाव बिघडवा, स्क्रिप्ट ते कसं पकडते ते त्यांच्यासमोर करा. मग म्हणा, सर, यापुढे कुठलाही बदल, माझा असो की नवीन येणाऱ्या मुलाचा, याखालून गेल्याशिवाय सर्व्हरवर जाणार नाही. हे त्यांच्या धंद्याच्या भाषेतलं बोलणं आहे. सुरुवात गाड्या भरण्याची गर्दी नसेल त्या दिवसांत करा आणि शनिवारी संध्याकाळी काही सर्व्हरवर टाकू नका.

कोऱ्या रकान्याच्या ज्या पट्ट्या त्या दिवशी शेतकऱ्यांच्या हातात गेल्या, त्यांचं काय झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही. रक्कम बरोबर होती हे खरं, पण भाव किती आणि फरक किती हे शेतकऱ्याला त्या कागदावरूनच कळतं, आणि शेजाऱ्याच्या पट्टीशी तो तेच ताडून बघतो. त्या दिवसाच्या पट्ट्यांची यादी काढा, व्यापाऱ्याला द्या आणि दुरुस्त पट्टी पुन्हा पोहोचवायला सांगा. हे सगळ्यात आधी, प्लगइनच्या आधी.

राहिलं मराठी नावांचं. इंग्रजी करू नका. 'टेंप', 'डेटा2', 'एक्स1' असली नावं खुशाल बदला, त्यांना कुठल्याच भाषेत अर्थ नाही. पण 'नवती', 'पिलबाग', 'कांदेबाग', 'फरक', 'उचल' ही नावं दादांनी विचार करून ठेवली असणार. व्यापारी फोनवर हेच शब्द बोलतो, पट्टीवर हेच छापतात, आणि कोडमध्येही हेच असतील तर तक्रार ऐकता ऐकता तुम्हाला ओळ सापडते. 'पिलबाग'ला इंग्रजी शब्द शोधत बसलात तर तुम्ही एक ठेवाल, तुमच्यानंतरचा दुसरा ठेवेल. अडचण नाव मराठी असण्यात नव्हती, एकच नाव दोन कामांना जुंपलेलं होतं त्यात होती. ते तुम्ही बरोबर ओळखलं होतं: पैशाचा तो 'भावफरक', काट्यावरचा तो 'वजनफरक'. दोन्ही नावं रोमन अक्षरांत कशी लिहायची ते एकदा ठरवून एका फाइलीत नोंदवा, म्हणजे एकच शब्द दोन स्पेलिंगांनी येणार नाही. आणि त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ रावेरच्या एखाद्या मुनिमाला विचारून, तो सांगेल तसा, मराठीतच समोर लिहून ठेवा. पट्टीचा हिशेब त्याच्याइतका नीट कुणालाच ठाऊक नसतो, आणि दादा पुण्याला गेल्यावर विचारायला आता तोच आहे.